पाच मिनिटांवरचं गाव

मीरा रोडला कुणी प्रवासाला जातं का, असं आमच्या स्टाफरूममध्ये प्रत्येकानं मला एकदा तरी विचारलं. "तिथं बघण्यासारखं काय आहे बाई?" मी म्हटलं, "शाळा." झालं, सगळे हसायलाच लागले. त्यांचंही बरोबर होतं. शाळेतल्या बाईनं रजा टाकून दुसऱ्याची शाळा बघायला जाणं म्हणजे हलवायानं दुकान बंद ठेवून दुसऱ्या हलवायाकडं जाऊन बसण्यातलाच प्रकार.

पण मला जायचंच होतं. कागलजवळच्या आमच्या शाळेत पूर्वी हजेरी घेताना पाटील, माने, चौगुले एवढं म्हटलं की निम्मा वर्ग संपायचा. औद्योगिक वसाहत वाढली तशी बिहारची मुलं आली, ओडिशाची आली, नेपाळचीही आली. मी बोलते ते त्यांना कळत नाही आणि ती बोलतात ते मला. माझी भाची स्मिता मीरा रोडच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. तिच्यापुढं मी फोनवर रडगाणं गायले, तर ती म्हणाली, "मावशी, तू माझ्या वर्गात येऊन बस. माझ्याकडे अख्खा भारत बसतो, आणि दोन बाकांवर नेपाळ." मग काय, भरली बॅग.

सिल्व्हर पार्क

कागलात स्वेटर घालून बसमध्ये चढले होते. मीरा रोडच्या नाक्यावर उतरले आणि पहिलं काम स्वेटर काढायचं केलं. डिसेंबर इकडं फक्त कॅलेंडरवर येतो. तेवढ्यात चार रिक्षावाले माझ्या बॅगेवर चालून आले. "पेणकरपाडा, पेणकरपाडा! एक सीट, एक सीट!" मी माझं ठेवणीतलं हिंदी बाहेर काढलं. "हमको सिल्व्हर पार्क को जाने का है, उधर सोडताय क्या?"

रिक्षावाल्यानं शांतपणे बॅग आत ठेवली. "बसा मावशी. मराठीत बोला, मी साताऱ्याचा."

शेअर रिक्षात आम्ही तिघी मागं बसलो. रिक्षा चालू व्हायच्या आधीच चौकशी सुरू. शेजारच्या बाईंचं गाव जौनपूर, त्यांच्या पलीकडच्या मुलीचं भावनगरजवळचं कुठलंसं. मी कोल्हापूर म्हटल्यावर रिक्षावाल्यानं आरशातून बघून "मग तांबडा रस्सा करून घाला की एकदा" असं निमंत्रणही स्वतःच स्वतःला देऊन टाकलं. आमच्याकडं अनोळखी माणसाला आधी आडनाव विचारतात आणि मग पुढचं सगळं अंदाजानं ओळखतात. इथं आधी गाव विचारतात. मला ही पद्धत फार आवडली. एवढी आवडली, की पुढं तिनंच मला तोंडावर पाडलं.

स्मिताचं घर सिल्व्हर पार्कमध्ये सातव्या मजल्यावर आहे. जावईबापूंनी माझ्यासाठी खास मिसळ केली होती. तिच्यात साखर होती. प्रेमानं वाढली होती म्हणून मी ती खाल्ली, आणि "छान झालीय" असंही म्हटलं. त्याची शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच मिसळ मिळाली. संध्याकाळी मात्र खाली उतरून मी मनसोक्त भटकले. एका ओळीत फरसाणाचं दुकान, केळ्याचे लांब वेफर्स तळणारा मल्याळी, मोमोची गाडी आणि बिर्याणीचा भलामोठा हंडा. बिर्याणीवाल्याकडं भाव विचारणारी बाई गुजरातीत विचारत होती, तो हिंदीत सांगत होता, आणि शेवटी दोघांनी मराठीत "जाऊ द्या" म्हणून व्यवहार मिटवला.

शाळा

शाळेच्या फाटकातून आत शिरताना पायरीच नव्हती. एक लांबलचक उतार होता. मी विचारलं तर मुख्याध्यापिका शेख मॅडम म्हणाल्या, "पायऱ्या होत्या ना, पाच. रेहान आल्यावर तोडल्या. आधी बाजूला रॅम्प करणार होतो, पण मग तो एकटाच तिकडून आला असता. आता सगळेच इथून येतात." शेख मॅडम रत्नागिरीकडच्या. कोकणीचा हेल असलेलं झकास मराठी बोलतात आणि चिडल्या की हिंदीत जातात.

रेहान चाकांच्या खुर्चीतून येतो आणि त्या उतारावरून असा सुसाट खाली सुटतो, की त्याला रोज एकदा तरी हिंदी ऐकावं लागतं.

स्मिताच्या वर्गात मी मागच्या बाकावर बसले. नव्यानं आलेल्या मुलाला पहिले काही आठवडे त्याची भाषा येणाऱ्या मुलाशेजारी बसवतात, त्याला "बोलकी जोडी" म्हणतात. पाण्याच्या टाकीवर 'पाणी' हा शब्द मुलांनीच आपापल्या लिपीत लिहिलाय. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानं तांब्या काढलाय. गणिताच्या तासाला हर्ष नावाचा एक गुटगुटीत गुजराती मुलगा सुनीताला अपूर्णांक समजावत होता. सुनीताचे वडील नेपाळहून आलेले, एका इमारतीत वॉचमन आहेत. हा समजावत होता मराठीत, ती शंका विचारत होती हिंदीत, आणि दोघं मिळून चूक करत होते ती मात्र शुद्ध गणितातली. मला आमच्या शाळेतली ओडिशाची पोर आठवली. तिच्या शेजारी मी वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी बसवली होती. ती हुशार मुलगी तिच्यासाठी सगळी उत्तरं देऊन टाकायची. आता गेल्यावर जागा बदलायची, असं मी मनाशी ठरवलं.

स्मिता म्हणाली, "उद्याचा शनिवार बघ. तीच खरी मजा आहे."

गावाचा शनिवार

दर शनिवारी एक मूल पुढं येऊन आपलं गाव सांगतं. तिथं कसं जायचं, काय पिकतं, आईला काय म्हणतात, सणाला काय खातात. जमलं तर गावचा काहीतरी खाऊ आणतं. आधीच्या शनिवारी कुणीतरी जौनपूरचा मुळा आणला होता म्हणे, आणि वर्गभर मुळ्याचा वास होता.

त्या दिवशी समीक्षाचा नंबर होता. दोन घट्ट वेण्या घातलेली, बारीक चणीची, सावळी मुलगी. स्मितानं मला आधीच सांगून ठेवलं होतं, की तिचा नंबर बरेचदा पुढं ढकलावा लागलाय. शनिवार आला की हिचं पोट दुखतं. आज मात्र ती आली होती, हातात पिशवी घेऊन.

"माझं गाव कोल्हापूर," समीक्षानं एका दमात सुरू केलं.

मी मागच्या बाकावर जवळजवळ उडालेच. स्मितानंही चकित होऊन माझ्याकडं बघितलं. पोरगी बोलत होती ते सगळं बरोबर होतं. अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, पंचगंगा, कुस्ती, चपला. मग तिनं पिशवीतून गूळ काढला आणि प्रत्येकाच्या हातावर एकेक खडा ठेवत ती माझ्यापर्यंत आली. तिला बिचारीला मी कोण, कुठली, काहीच माहीत नव्हतं.

आता इथं शहाण्या बाईनं गूळ तोंडात टाकून गप्प बसायचं. पण माझं तोंड! गुळाच्या बाबतीत कोल्हापूरच्या माणसाला गप्प बसता येत नाही. मी खडा उजेडात धरला आणि मोठ्यानं म्हणाले, "अगं, हा आमच्याकडचा गूळ नव्हे! कुठला दिला तुला? आणि कोल्हापुरात कुठं गं तुम्ही? कुठल्या पेठेत? मी तिकडचीच की!"

"गावात," समीक्षा हळूच म्हणाली.

"कुठल्या गावात?" मी आपली आनंदानं विचारतेय.

पुढच्या बाकावरून हर्ष म्हणाला, "टीचर, ये तो छुट्टी में भी यहीं रहती है. कहीं नहीं जाती." आणि वर्ग हसला. दुष्टपणानं नाही, मुलं हसतात तसाच. समीक्षानं उरलेला गूळ पिशवीत भरला, जागेवर जाऊन बसली आणि बाकावर डोकं टेकलं. शाळा सुटेपर्यंत ते वर आलं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उत्तन

रविवारी स्मितानं माझं मन रमवायला मला उत्तनला नेलं. समुद्र, रंगवलेल्या होड्या, आणि किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील, ओळीच्या ओळी. आमच्याकडं दारात मिरच्या वाळत घालतात तेवढ्याच सहजपणे. त्या वासानं मी आधी पदर नाकाला लावला आणि दुपारी तेच बोंबील ताजे, कुरकुरीत तळून पुढं आले तेव्हा चार खाल्ले. पण जिवाला बरं वाटेना. स्मितालाही नाही. "मावशी, तिनं खोटं का सांगितलं असेल गं?" एवढं एकच ती परत परत विचारत होती.

सोमवारी समीक्षाची जागा रिकामी होती. मंगळवारीही. बुधवारी शेख मॅडमनी सांगितलं, की तिच्या वडिलांचा फोन आला होता. मुलीचं नाव काढायचं म्हणतायत, दुसऱ्या शाळेत बोलणी झालीत. ज्या शाळेनं एका मुलासाठी पाच पायऱ्या तोडल्या तिथून एक मुलगी माझ्या तोंडामुळं जाणार. शाळा सुटल्यावर मी स्मिताला म्हटलं, "चल. आत्ताच्या आत्ता तिच्या घरी जायचं."

पेणकरपाडा

शाळेसमोरच्या मेडिकलवरून आत वळलं की दोन मोठ्या इमारतींच्या मधून एक गल्ली जाते. रिक्षा जेमतेम जाईल एवढी. आत गेलो आणि मी थांबलेच. पलीकडं कौलारू घरं, अंगणात तुळस, जाळी टाकलेली विहीर, गावदेवीचं छोटं देऊळ, कोंबड्या. चहूबाजूंनी टॉवर आणि मध्ये हे सगळं आपापलं चाललेलं. स्मिता म्हणाली, "इतकी वर्षं इथे राहतेय, इथे आत कधी आलेच नाही मी."

समीक्षाचे वडील नरेशभाऊ टेम्पो चालवतात. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, पण चेहरा काही सैल सोडला नाही. ओट्यावर समीक्षाचे आजोबा बसले होते. समीक्षा आतल्या दारामागं होती, तिची एक वेणी तेवढी दिसत होती.

"भाऊ, तिचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे," मी सरळ म्हटलं. "मला गप्प बसवत नाही."

"तुमचा काय न्हाय बाई," नरेशभाऊ म्हणाले. "पोरगी खोटा बोलली, तो मी तिला बोललो. पन ती खोटा का बोलली, तो पन विचारा ना. जूनमदी वर्गात सगल्यांना गाव विचारला. हिनं सांगितला, पेणकरपाडा. पोरां हसली. म्हनली, वो तो रिक्षा का स्टॉप है. बरा, पोरांचा सोडा." ते स्मिताकडं वळले. "तुमी काय म्हनलाव मॅडम? म्हनलाव, ते ठीक आहे, पण मूळ गाव कोणतं?"

स्मिता एकदम लाल झाली.

"घरी येऊन मला विचारते, बाबा, आपला मूळ गाव कंचा? मी म्हनलो, ह्योच. तर म्हनते, ह्यो चालत न्हाय शालेत, दुसरा सांगा. मी न्हाय सांगितला, तर पुस्तकातला कोल्हापूर पाठ केला न् नाक्यावरचा गूळ घेऊन गेली." नरेशभाऊंचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळं ऐकायला जास्त त्रास होत होता. "आजाचा आजा इथंच. मिठागरात कामाला जायचे, भात लावायचे, खाडीत जाली टाकायचे. सगली दुनिया बाहेरून आली, त्या सगल्यांना गाव हाय. आमी कुठं गेलोच न्हाय, तर आमाला गाव न्हाय?"

स्मिताच्या जागी मीही मूळ गावच विचारलं असतं. मीरा रोडला सगळे कुठून तरी आलेत, हे आपण इतकं धरून चालतो, की आधीपासून इथंच कुणी असेल हे डोक्यातच येत नाही. स्मिताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "भाऊ, माझं चुकलं. मी स्वतः इथेच जन्मलेय. तरी कुणी विचारलं की आजोबांचं गाव सांगते, जिथे मी आठ दिवस सलग राहिलेली नाही."

तेवढ्यात समीक्षाची आई ताटं घेऊन आली. "जेवल्याबिगर जायचा न्हाय," म्हणाली. भांडण असो की नसो, पान वाढायचंच, हे मात्र अगदी आमच्याकडच्यासारखं. तांदळाची भाकरी, आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढं परीटघडीची, मऊ लुसलुशीत. आणि सोबत सुकटीची चटणी. "तिखट हाय हां," तिनं बजावलं. मी म्हटलं, "अहो, मी कोल्हापूरची!"

पहिल्या घासाला कान गरम झाले. दुसऱ्याला डोळे वाहायला लागले. तिसऱ्याला मला ठसका लागला तो थांबेचना. आजोबा ओट्यावरून हसायला लागले. स्मिता पाणी पाणी करत उठली, आणि एवढ्यात आतल्या दारातून समीक्षा बाहेर आली आणि तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

तोच गूळ. मी मुकाट्यानं खाल्ला. इतका गोड गूळ मी उभ्या जन्मात खाल्ला नव्हता, आणि हे तिला तसंच सांगून टाकलं. तिनं विश्वास ठेवला नसावा, पण परत आतही गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

ठसका थांबल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी समोरच्या टॉवरकडं बोट केलं. "केवढी उंच आहे गं ही. काय नाव हिचं?"

इमारतीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत कसलंसं परदेशी नाव होतं. समीक्षानं तिकडं बघितलंही नाही. "भुताचा खाचर."

"काय?"

"आमी तिला भुताचा खाचर म्हनतो. खाचर म्हंजे भाताचा शेत. आजा सांगतो तिथं रातचा कुनी जायचा न्हाय."

"आणि ती शेजारची, निळी?"

"तो चिंचेचा बांध. त्याच्या पल्याड ती गोल गच्चीवाली हाय ना, तिथं म्हशीचा डबका होता. सगल्या गावाच्या म्हशी तिथं बसायच्या."

स्मिता ताट बाजूला सारून उठलीच. "अगं, ती गोल गच्चीवाली हर्षची बिल्डिंग आहे!"

समीक्षा विचार करून म्हणाली, "म्हंजे हर्ष म्हशीच्या डबक्यात ऱ्हातो."

आधी आजोबा हसले, मग नरेशभाऊ, मग आम्ही सगळेच. हसता हसता स्मिता म्हणाली, "समीक्षा, हे सगळं तू वर्गात का नाही सांगितलंस?"

"तुमी मूळ गाव विचारला होता," समीक्षा म्हणाली.

स्मितानं तिला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "येत्या शनिवारी सांगशील? पुन्हा पहिल्यापासून? मी आधी सगळ्यांसमोर सॉरी म्हणेन." समीक्षानं मान हलवली, नाही अशी. ती वर्गात उभी राहणार नव्हती, म्हणजे नव्हती. नरेशभाऊ म्हणाले, "जबरदस्ती नको मॅडम. त्या दुसऱ्या शालेत मी बोलून ठेवलाय."

मग समीक्षाच म्हणाली, "गाव बघायचा तर गावात यावा लागतो. त्यांनाच घेऊन या."

नरेशभाऊंनी मुलीकडं बघितलं. "शनिवारपतुर थांबतो," ते म्हणाले.

शेख मॅडमना सांगितलं तेव्हा त्या आधी हिंदीत गेल्या, स्वतःवरच. मग मराठीत आल्या. "अहो बाई, सगळ्यांच्या पानात वाढलं, आणि ज्यांच्या अंगणात पंगत बसलीय त्यांनाच विसरलो की आपण!" आणि ताबडतोब परवानगी दिली.

सहल

शनिवारी शाळेत सहलीचं वातावरण होतं. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं. सुनीतानं नवी चप्पल घातली होती. एक आई फाटकावर स्मिताला विचारत होती, "टीचर, ट्रिप पेणकरपाडा जा रही है? हम तो पेणकरपाडा में ही रहते हैं!" स्मिता म्हणाली, "हो ना, तेच बघायला जातोय." बस येणार नाही कळल्यावर थोडी नाराजी झाली, पण वेफर्स चालतच खायचे ठरल्यावर ती मिटली.

मेडिकलवरून आत वळलो आणि पहिलाच अपघात झाला. गटाराच्या झाकणाच्या फटीत रेहानच्या खुर्चीचं पुढचं चाक अडकलं. चौघांनी खुर्ची उचलली, पाचव्यानं रस्ता दाखवायला आरडाओरडा केला, आणि रेहाननं वरून सूचना दिल्या. गल्लीच्या टोकाला समीक्षा उभी होती. शाळेच्या गणवेशात नव्हे, लाल परकर-पोलक्यात. शेजारी आजोबा, टोपी घालून, आणि मागं नरेशभाऊ. मला आपली एकच काळजी. पोरं हसली तर? पुन्हा कुणी रिक्षाचा स्टॉप म्हणालं तर?

स्मितानं आधी कबूल केल्याप्रमाणं सांगून टाकलं. "मी समीक्षाला एक चुकीचा प्रश्न विचारला होता. तिनं पहिल्या दिवशी दिलेलं उत्तर बरोबर होतं. हे तिचं गाव. आपण पाहुणे."

समीक्षानं विहीर दाखवली. आधी अख्खं गाव हिचं पाणी प्यायचं. गावदेवीपुढं चपला काढायला लावल्या. आतापर्यंत तिचा आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू येत नव्हतं. मग ती सगळ्यांना मोकळ्या जागेत घेऊन आली, जिथून चारी बाजूंचे टॉवर दिसतात, आणि हात वर करून शेतांची नावं सांगायला लागली.

"तो म्हशीचा डबका."

"ए, वो तो मेरी बिल्डिंग है!" हर्ष ओरडला. "मेरी बिल्डिंग डबका नहीं है!"

"हाय. तुमच्या पार्किंगमदी म्हशी बसायच्या. आजाला विचार."

आजोबांनी गंभीरपणे मान हलवली. हर्षचा चेहरा पडला. मी पुढं काय होतंय बघत होते, तेवढ्यात त्यानं विचारलं, "कितनी म्हशी?"

"लय. पन्नास," आजोबा म्हणाले. "एक तर मारकी होती."

"मेरी बिल्डिंग में पचास भैंस थीं!" हर्षनं सगळ्यांना बजावून सांगितलं. "एक मारकी!"

बस्स, मग कुणी थांबायलाच तयार होईना. सगळी मुलं समीक्षाभोवती गोळा झाली. मेरी बिल्डिंग? माझी कुठली? आमची ती, पिवळी! समीक्षा एकेकाला सांगत होती. आता तिचा आवाज मागं काय, चौथ्या मजल्यापर्यंत पोचत असावा. ज्याला भुताचं खाचर मिळालं त्याच्याकडं सगळ्यांनी मत्सरानं बघितलं. रेहानची इमारत खळ्यावर निघाली. "खळा म्हंजे जिथं भात झोडायचा. बैल गोल गोल फिरायचे." रेहाननं लगेच खुर्ची गोल गोल फिरवून दाखवली. जे शेतांच्या पलीकडं राहत होते त्यांची पंचाईत झाली. त्यांना आजोबांनी खाडीतल्या जागा वाटून दिल्या.

सुनीता मागंच उभी होती. तिचं घर म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. समीक्षानं तिच्याकडं बघितलं. "तुझी ती चिंचेच्या बांधावरची ना? तिथं माळा होता, लाकडाचा, उंच. भात पिकला की आजा त्याच्यावर बसायचा, राखण करायला. पाखरं हाकलायचा."

"मेरे पापा भी राखण करते हैं," सुनीता म्हणाली. आजोबांनी तिला हातानं जवळ बोलावलं आणि पाखरं हाकलायची आरोळी शिकवली. मग अख्ख्या वर्गानं ती आरोळी मारली. दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं बाहेर आली.

समीक्षाच्या आईनं सगळ्यांच्या हातावर तांदळाचे गरमागरम वडे ठेवले. वेफर्सकडं कुणी बघेना. शेख मॅडमनी पाच खाल्ले. मी किती खाल्ले ते विचारू नका.

निघायची वेळ झाली तेव्हा समीक्षा आणि आजोबा आम्हाला सोडायला निघाले. गल्ली रस्त्याला लागते तिथं पूर्वी गावाची वेस होती म्हणे. आता तिथं विजेची पेटी आहे आणि पाणीपुरीची गाडी लागते. आजोबा तिथं थांबले. "आमी पावन्यांना हितवर सोडतो," समीक्षानं सांगितलं. तिथून शाळेचं फाटक दिसत होतं.

मग तिनं सगळ्यांकडं बघून, अगदी मोठ्या बाईसारखं सांगितलं, "सावकास जा. पोचलात की फोन करा."

शाळा समोर दिसतेय, आणि पोचलात की फोन करा! मला हसू यायला हवं होतं. पण मुलांनी इतक्या गंभीरपणे माना डोलावल्या, की मला एकदम भरून आलं, आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही. सगळ्यांनी हात हलवले. हर्ष तर रस्ता ओलांडेपर्यंत मागं वळून वळून हात हलवत होता.

फाटकातून उतारावरून आत आलो. स्मितानं मुलांना उभं केलं, मोबाइल काढला आणि नरेशभाऊंना फोन लावला. "भाऊ, समीक्षाला द्या." आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून तिनं फोन उंच धरला.

"पोचलो गं आम्ही," स्मिता म्हणाली.

"सगली?"

"सगळी!" वर्ग एका सुरात ओरडला.

"बरा झाला," पलीकडून समीक्षा म्हणाली. "मंग सोमवारी मी येतंय तुमच्याकडं."